नऊचा तास आणि तीनचा तास

दादा फोनवर हो म्हणतो आणि घरात पाऊल टाकलं की नाही म्हणतो, हे धाकटीला एव्हाना कळायला हवं होतं. चाळिशी उलटली तरी या एका धड्यात ती दरवर्षी नापास होत आली होती. बुधवारी फोनवर तो स्वच्छ म्हणाला होता, "तुझं बरोबर आहे. मी बोलतो बाबांशी. तू फक्त गप्प बस." आणि आज रविवारी, जेवणं उरकून टेबल पुसून होतंय न होतंय तोच त्याने पिशवीतून निळ्या कापडी बांधणीची दोन जाड पुस्तकं काढली आणि बाबांसमोर ठेवली.

"तुमच्या सातही वह्या, बाबा. मागे फोटो काढून ठेवले होते, त्यावरून पान न् पान छापून, शिवून घेतलंय. एक प्रत भिंगरीला, एक माझ्याकडे."

धाकटीच्या हातातलं फडकं हातातच राहिलं.

बाबांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढून पुसला. मग पहिलं पान उघडलं. त्यांचंच तिरकं, ठसठशीत अक्षर, पस्तीस वर्षांपूर्वीचं: 'गणित. वही पहिली. थोरला आणि धाकटी यांच्यासाठी.'

"छान केलंस," ते म्हणाले. एवढंच म्हणाले, पण पानावरचा हात त्यांनी काढला नाही.

"शिलाई सैल आहे," आत्याने दुसरी प्रत उलटी करून पाहत निकाल दिला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. टपालखात्यात चाळीस वर्षं काढलेली, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून पाहायची. "वर्षभरात पानं सुटतील. पण कल्पना चांगली आहे. आपल्या घरात गणित म्हणजे या वह्या. दुसरं काय असणार?"

हे ती धाकटीकडे न बघता म्हणाली. म्हणजे धाकटीलाच म्हणाली.

आज बोलायचं होतं ते भिंगरीच्या गणिताबद्दल. भिंगरी आठ वर्षांची. पहिलीत ती सहा महिने शाळेत गेली आणि त्या सहा महिन्यांत वर्गात एक शब्द बोलली नाही. बाईंनी काही विचारलं तर नुसती मान हलवायची, आणि तीही बाईंना ज्या बाजूला हवी असेल त्या बाजूला. शेवटी धाकटीने तिला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला घेतलं. ओळखीच्यांनी नावं ठेवली, पण या घराला त्याचं विशेष काही वाटलं नाही. दादा आणि धाकटी दोघंही घरीच शिकलेले. बाबा हवामान-निरीक्षक होते, टेकडीच्या माथ्यावर वेधशाळा, तिला लागून घर, आणि सगळ्यांत जवळची शाळा अडीच तास खाली.

आई गेली त्यानंतर, मागच्या वर्षी, बाबा धाकटीकडे राहायला आले. येताना दोन पेट्या, एक तापमापक आणि सात निळ्या वह्या घेऊन आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी नऊला त्यांनी गॅलरीत टांगलेल्या तापमापकावरचा आकडा टिपला, आत येऊन खुर्ची ओढली आणि भिंगरीला हाक मारली. तेव्हापासून नऊचा तास त्यांचा. दिवसाचे बाकीचे तास ते पुढचे नऊ कधी वाजतात याची वाट पाहत काढायचे. आईनंतर त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं, आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

धाकटीला नेमका तोच तास काढून घ्यायचा होता.

वह्या वाईट नव्हत्या. उलट, त्यांच्यासारखं काही तिने पुढे कुठे पाहिलं नाही. पण त्या लिहिल्या होत्या टेकडीवरच्या दोन पोरांसाठी, ज्यांना रीत सांगितली की पुरे व्हायची. भिंगरीला रीत पाठ व्हायची, पण बावन्न म्हणजे किती, हे तिला दिसत नव्हतं. म्हणून धाकटीने चार ठिकाणी चौकशी करून नवा अभ्यासक्रम मागवला होता. दोन रंगीत पुस्तकं, आणि एका पेटीत लाकडाचे सुटे ठोकळे नि दहा-दहाच्या कांड्या. पेटी आली आणि बाबांना सांगायचा तिचा धीर सुटला. पेटी चादरींच्या कपाटात गेली. दुपारी तीनला, बाबा जरा आडवे झाले की, भिंगरीचा दुसरा तास सुरू होऊ लागला.

"चोरून गणित शिकवणारं आपलं पहिलंच घर असेल," नवरा तेव्हाच म्हणाला होता.

"दोन आठवड्यांत सांगते," धाकटी म्हणाली होती. त्याला आता तीन महिने झाले होते.

आणि इतकं करून गणित सुधारायचं सोडून बिघडलंच. थंडीच्या दिवसांत झोपेतून उठवून विचारलेली वजाबाकी भिंगरीला यायची, ती आता चुकायला लागली. पान पान फुल्यांनी भरायचं. मागच्या सोमवारी तिने पेन्सिल खाली ठेवली आणि अगदी शांतपणे सांगितलं, "मला गणित येत नाही, आई. दुसरं काहीतरी दे." जुनं सुटल्याशिवाय नवं बसणार नाही, एवढं तिला कळलं, आणि तिने दादाला फोन केला.

त्या दादाने आता ही बांधणी आणली होती.

"वाचा ना बाबा एखादं," तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला. दादा पूल बांधतो. कामावर त्याचा आवाज नदीच्या या काठावरून त्या काठावर जातो, आणि घरातही तो तेवढाच लावतो.

बाबांनी पान उलटलं. "'वेधशाळेच्या पायऱ्या बावन्न. धाकटी सत्तावीस पायऱ्या चढली आणि रुसून बसली. किती पायऱ्या राहिल्या?'"

"खरंच बसली होती," आत्या म्हणाली. "मी मागून ट्रंक घेऊन येत होते. म्हटलं, सरक गं. तर म्हणे, आधी उत्तर सांग."

सगळे हसले. धाकटीलाही हसू आलं, आणि हसता हसता ती त्या पायऱ्यांवर जाऊन पोहोचली. दगडी, कडेला शेवाळलेल्या. वर घर, पत्र्याचं छप्पर, आणि सदा न कदा सुटलेला वारा. नऊच्या ठोक्याला बाबा बाहेर जायचे, पांढऱ्या खोक्यातले तापमापक वाचायचे, पर्जन्यमापकातलं पाणी मापून ओतायचे, आणि कालच्या आकड्यातून आजचा आकडा उभ्या उभ्या वजा करायचे. वाऱ्यात कागद फडफडायचा, फार लिहिता यायचं नाही, म्हणून हातचा आला की ते डाव्या हाताची करंगळी मिटायचे. मुलांनीही तेच उचललं. हातचा करंगळीत. ती पुढच्या, खालच्या आकड्यात मिळवली की मगच उघडायची. दादा अजूनही पुलाचा हिशोब तोंडी करताना करंगळी मिटतो आणि त्याच्या हाताखालचे लोक गालातल्या गालात हसतात. नोंद झाली की बाबा हात चोळत आत यायचे, आई चहा पुढे करायची, आणि टेबलावर निळी वही उघडायची. जगात त्या टेबलाइतकं ऊबदार काही नव्हतं असं धाकटीला त्या क्षणी वाटलं. त्याच टेबलावरून उठायचं आपण ठरवलंय, याचं तिला वाईट वाटलं.

"आम्ही या वह्यांवर वाढलो," दादा सांगत होता. "कधी कंटाळलो नाही, कधी रडलो नाही. हल्लीची मुलं जरा काही अडलं की..."

"थांब, थांब." आत्याने भिंग काढलं. तिची प्रत मधेच उघडली होती. "इथे समासात बारीक काहीतरी लिहिलंय पेन्सिलीने. हे तर वहिनीचं अक्षर." ती सावकाश वाचू लागली. "'थोरला टेबलाखाली. भागाकार नको म्हणतो. ताट खालीच दिलं.'"

दादा कानापर्यंत लाल झाला.

"कधी रडला नाहीस, नाही का?" आत्या म्हणाली. "बरोबर आहे. रडला असं लिहिलेलं नाही. लपला असं लिहिलंय." आणि तिने पुढचं पान उलटलं. "इथे आणखी आहे. 'धाकटी आज रडली. उद्या परत बघू.'"

बाबांनी हात पुढे केला. "बघू दे मला." त्यांनी आपल्या प्रतीत तेच पान शोधलं आणि त्या फिकट ओळीवर बोट ठेवलं. "हे पण छापलं गेलंय होय. मला वाटलं पेन्सिल उमटणार नाही." त्यांनी ओळ मनातल्या मनात दोनदा वाचली असावी. "ती मला कधी म्हणाली नाही की पोरं रडतात. नुसतं इथे लिहून ठेवायची. मग मी पान उलटलं की बघायचो, आणि दुसऱ्या दिवशी जरा सोपं घ्यायचो."

धाकटी फडकं घेऊन स्वयंपाकघरात निघून गेली. आता बोलणं म्हणजे माणसाच्या हातातून बायकोचं अक्षर ओढून घेण्यासारखं होतं.

नवरा तिथे कप विसळत होता. तो घराच्या मागच्या खोलीत लोकांच्या कवळ्या बनवतो, माणूस मितभाषी, पण बोलतो ते नेमकं. "आज नाही सांगितलंस तर कधीच सांगणार नाहीस," तो म्हणाला.

"बघितलास ना त्यांचा चेहरा?"

"बघितला. मी भिंगरीचाही बघतो रोज. आत्ता ती माझ्या खोलीत प्लास्टरचे जबडे ओळीने मांडून बसली आहे. दात मोज म्हटलं तर म्हणाली, मोजायचं नको, नुसते लावते."

तेवढ्यात दादा आत आला आणि त्याने दार लोटून घेतलं. धाकटी त्याच्यावर उसळलीच. "तोंडघशी पाडलंस मला. फोनवर काय बोलला होतास?"

"हळू. ऐक." दादाचा आवाज पहिल्यांदाच या काठावर राहिला. "तुझ्या फोननंतर दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. घरात कोणाला सांगू नकोस म्हणाले. त्यांना स्मरणशक्तीच्या डॉक्टरचा पत्ता हवा होता."

"कोणासाठी?"

"स्वतःसाठी. म्हणाले, पोरगी हुशार आहे, तिला वजाबाकी येत होती, आता येत नाही. म्हणजे माझ्याच सांगण्यात गोंधळ व्हायला लागलाय. ती पाटीवर वरचे आकडे खोडते. मी खोडायला कधी शिकवलं ते मला आठवत नाही, आणि मी शिकवलं नसेल तर तिला दुसरं कोण शिकवणार?" दादाने नळाकडे पाहिलं. "मग मी काय करणार होतो? म्हटलं, वह्या छापून नेऊ. त्यांना वाटू दे, सगळं होतं तसंच आहे."

खोडायला धाकटीने शिकवलं होतं. तीन महिने, दुपारी तीनला, बाबांच्या खोलीचं दार हळूच ओढून घेऊन. ती स्वतःला भित्री समजत होती, फार तर लबाड. पण तिच्या भित्रेपणापायी तिचा बाप सकाळी पोरीला शिकवून दिवसभर स्वतःचं डोकं तपासत बसला होता, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. आता तिला कळलं की गेला महिनाभर दुपारी त्यांच्या खोलीतून पुटपुटणं का ऐकू यायचं. ते झोपत नव्हते. पाढे म्हणून बघत होते.

तिने चादरींचं कपाट उघडलं, पेटी आणि दोन्ही रंगीत पुस्तकं काढली आणि सरळ बाहेर जाऊन टेबलावर ठेवली.

"बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय. मी भिंगरीला दुपारी दुसरं गणित शिकवते. तीन महिने झाले. खोडायला मी शिकवलंय तिला."

बाबांनी पेटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तू."

"हो."

"मी नाही."

"तुम्ही नाही, बाबा. तुम्ही कधीच नाही. तुमचं डोकं शाबूत आहे. माझंच फिरलं होतं."

आत्याने पुस्तक आपटून मिटलं. "अगं, या माणसाने तुला घडवलं आणि तू त्याच्या पाठीमागे..."

"ताई," बाबा म्हणाले. "थांब जरा." त्यांनी चष्मा काढला आणि दोन्ही तळहातांनी चेहरा झाकून घेतला. धाकटीला वाटलं, ते रागावले. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि तिला वाटलं, रडताहेत. हात खाली आले तेव्हा ते हसत होते, आणि डोळे ओले होते. "गेला महिनाभर मी रात्री झोपलो नाही गं," ते म्हणाले. "म्हटलं, ही गेली आणि आता हे डोकंही जाणार."

धाकटी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली. क्षमा मागायची होती, पण शब्द सापडेनात, म्हणून तिने नुसतं त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. बाबांनी तिच्या केसांवर दोन थापा मारल्या, रुसून पायरीवर बसायची तेव्हा मारायचे तशा.

"चूक तिची एकटीची नाही," दादा मागून म्हणाला. "मला दोन्ही बाजू माहीत होत्या आणि मी गप्प बसलो."

"मग दोघंही गाढव," आत्या म्हणाली. पण पुस्तक तिने पुन्हा उघडलं होतं, आणि पेटीचं झाकण एका बोटाने उचलून ती आत डोकावत होती.

"दुपारची वही आण," बाबा म्हणाले.

"कशाला बाबा? नुसत्या फुल्या आहेत."

"आण तर. सकाळी ती पाटीवर करते. चुकलं की पुसते. मला एकाखाली एक असं कधी बघायलाच मिळालं नाही."

वही आली. बाबांनी ती थोडी लांब धरली आणि वाचायला लागले, पूर्वी नोंदवही वाचायचे तसं, एका सुरात. "एक्क्याऐंशीतून शेहेचाळीस. पस्तीस यायला हवेत, हिचे पंचवीस. सत्तरातून चौतीस. छत्तीस, हिचे सव्वीस. त्रेचाळीसातून पंधरा. अठ्ठावीस, हिचे अठरा. ब्याण्णवातून अठ्ठावन्न..." ते थांबले. "चौतीस हवेत, आणि हिचे चोवीस असणार. आहेत का बघ."

"आहेत," धाकटी म्हणाली.

"प्रत्येक वेळी दहाच कमी." बाबांनी वही खाली ठेवली. त्यांचा चेहराच बदलला होता. टेकडीवर, क्षितिजाला ढग दिसला की व्हायचा तसा. "आपल्याकडे तो एक तापमापक होता, आठवतो? दोन अंश कमी दाखवायचा. खालून साहेब आले, म्हणाले, बिघडलाय, टाकून द्या. मी म्हटलं, बिघडलेला असता तर कधी दोन चुकला असता, कधी पाच. हा रोज तेवढंच चुकतो. म्हणजे काम तो नीट करतोय, चूक दुसरीकडे आहे. भिंगरीला बोलवा."

भिंगरी आली. तिच्या बोटांना प्लास्टर लागलेलं होतं. टेबलावर उघडलेली पेटी आणि शेजारी निळं पुस्तक बघून ती दारातच थबकली, आणि तिने आधी आईकडे, मग आजोबांकडे पाहिलं. दोघांचे चेहरे तिने असे तपासले की धाकटीला पहिलीतली ती मान हलवणारी पोरगी आठवली.

"सगळं सांगून झालंय," धाकटी म्हणाली. "आता चोरी नाही. आजोबांना एक वजाबाकी करून दाखव."

"कुणाची?"

"कुणाची म्हणजे?"

"तुझी की आजोबांची?"

"रोज करतेस तशी," बाबा म्हणाले. "बावन्नातून सत्तावीस."

भिंगरीने पेन्सिल घेतली. बारातून सात गेले, पाच लिहिले. वरचे पाच खोडून चार केले. दुपारी शिकवलेलं, अगदी बरोबर. एक दशक मोडला, चार उरले, आता चारातून दोन गेले की झालं. पण ती थांबली. ओठ हलले, आणि तिने एक लिहिला. पंधरा.

"चारातून दोन गेले तर एक कसा?" धाकटी म्हणाली.

"एक मिनिट," बाबा म्हणाले. "हात वर कर गं. डावा."

भिंगरीने टेबलाखालचा हात वर काढला. करंगळी मिटलेली होती.

धाकटी त्या हाताकडे बघतच राहिली. तिने तो रोज पाहिला होता. इतका रोज, की तो तिला दिसलाच नव्हता. तिच्या घरात सगळ्यांचेच हात असे होते. कागदावर वरचा एक आईच्या रीतीने कमी केलेला, आणि हातात खालच्या दोनात एक आजोबांच्या रीतीने वाढवलेला. दोन्ही रीती बरोबर. दोन्ही एकदम केल्या की दहा कमी.

"भिंगरी," ती म्हणाली, "दोन्ही कशाला करतेस, राणी? एकच करायची ना."

भिंगरीने खाली पाहिलं. बोटावरचं प्लास्टर खरवडलं. "आजोबांचा ठेवायचा. आणि तुझा पण द्यायचा," ती म्हणाली. "एकाचाच केला तर दुसऱ्याला कळेल ना."

"कळलं तर काय होईल?"

"वाईट वाटेल."

आत्याने भिंग डोळ्यांना लावलं आणि वहीत काहीच नसलेल्या जागी बघू लागली. दादाने घसा खाकरला. नवरा दारात उभा होता, तो तिथूनच म्हणाला, "आठ वर्षांच्या पोरीने तीन महिने हे घर सांभाळलं. आपण पाच जण काय करत होतो?"

बाबांनी निळं पुस्तक मिटलं, दोन्ही हातांनी उचललं आणि फळीवर ठेवायला दादाला दिलं. "हे वाचायला ठेवायचं. शिकवायला नाही."

"बाबा, अहो, एवढं छापून..."

"उत्तम छापलंस. मी रोज वाचीन. त्यात तुझी आई आहे." मग ते धाकटीकडे वळले. "तुझा नवा अभ्यासक्रम मी मघाशी, वही येईपर्यंत, चाळला. बरा दिसतोय. एका घरात एकच रीत हवी, आणि भिंगरीला ही दिसते आहे. माझी रीत तिला पाठ होती, दिसत नव्हती. ते मलाही कळत होतं. पण नऊ वाजले की मला राहवायचं नाही." एक कांडी हातात घेऊन ते म्हणाले, "फक्त नऊचा तास माझ्याकडून घेऊ नका."

"नाही घेत, बाबा."

"शिकवण्याचा नाही म्हणत मी. भिंगरी, हे ठोकळे मला येत नाहीत. मला शिकवशील?"

भिंगरीने आईकडे पाहिलं नाही, आत्याकडे पाहिलं नाही, कोणाच्याच चेहऱ्याकडे पाहिलं नाही. थोडा वेळ विचार केला. "उद्या नऊला," ती म्हणाली. "पण पाटी नको. पुसली की मला कळत नाही तुमचं काय चुकलं ते."

सोमवारी सकाळी बाबांनी गॅलरीतला आकडा टिपला आणि आत आले. खुर्चीत भिंगरी बसलेली होती, त्यांच्या खुर्चीत, म्हणून ते समोर तिच्या स्टुलावर बसले. गुडघे टेबलाला लागत होते. कोरी वही होती, कांड्या होत्या, ठोकळे होते. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मध्ये पडायचं नाही असं तिने स्वतःला बजावलं होतं.

"बावन्न काढा," भिंगरी म्हणाली.

बाबांनी पाच कांड्या आणि दोन ठोकळे काढले.

"त्यातून सत्तावीस द्यायचेत. सात सुटे आहेत का?"

"नाहीत."

"मग एक कांडी मोडा. म्हणजे तिच्या जागी दहा सुटे घ्या. आता लिहा."

बाबांनी पाच खोडून चार केले, चांगले ठळक. बारातून सात, पाच. मग ते पुटपुटले, पेन्सिल हवेत थांबली, आणि त्यांनी मोठ्या समाधानाने एक लिहिला. "पंधरा."

भिंगरी खुर्चीवरून उतरली, टेबलाला वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला गेली आणि टेबलाखाली मांडीवर ठेवलेला त्यांचा हात तिने वर काढला. करंगळी मिटलेली होती.

"आजोबा, ही आता नको," ती म्हणाली, आणि दोन बोटांत धरून हळूहळू सरळ केली. जुनं, सांध्यात वाकलेलं बोट होतं ते, पूर्ण उघडायला जरा वेळ लागला. बाबांनी तिला उघडू दिलं.

"पंचवीस," ते म्हणाले.

"हो, पंचवीस." ती पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली. वही तिने आपल्याकडे ओढली, पंधरावर फुली मारली नाही, समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं आणि वही त्यांच्याकडे परत सरकवली.

बाबांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं. 'आजोबा आज चुकले. उद्या परत बघू.'